हरल्यावर चिडणाऱ्या पोरांचा गेम डिलीट करून काय होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाईल गेममध्ये हरलं की पोरं फोन आपटतात, टीममधल्या मित्राला आईवरून शिव्या देतात, बहिणीने जेवायला हाक मारली तरी अंगावर जातात, हे आता घरोघरी चाललंय आणि त्यावर मोठी माणसं एकच उपाय सांगतात, गेम डिलीट करा. मला हे अजिबात पटत नाही म्हणून लिहितोय. 2020 मध्ये सरकारने पबजी बंद केला, पोरं दुसऱ्या गेमवर गेली, पुढच्या वर्षी तोच बीजीएमआय नावाने परत आला आणि चिडचिड होती तिथेच राहिली. हरायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलंच नाहीये हो.

या गेममध्ये हरणं किती असतं तेही बघा. पबजीसारख्या गेममध्ये एका मॅचमध्ये 100 प्लेयर उतरतात, चौघांचा स्क्वॉड धरला तर 25 टीम, जिंकणार एक, बाकीच्या 24 चांगलं खेळूनही घरी. वन ऑन वन गेममध्ये रँक बघून तुमच्याच तोडीचा माणूस समोर देतात, तुम्ही वर चढलात की समोरचाही तगडा येतो, म्हणजे साधारण निम्म्या मॅच जाणारच. हे गणित मुलाला माहीतच नसतं, त्याला वाटतं आपण जिंकायलाच पाहिजे होतं, मग लॅग होता म्हणजे नेट अडकत होतं, समोरचा हॅकर होता, टीममेट नूब म्हणजे नवशिका होता. त्यात रँकचे पॉइंट कापले जातात, ते भरून काढायला रात्री एक वाजता लास्ट मॅच लास्ट मॅच करत बसायचं आणि डोकं आधीच तापलेलं म्हणून तीही घालवायची. हरल्या हरल्या लगेच पुढची मॅच लावणं ही माझ्या मते सगळ्यात वाईट सवय.

नव्वदच्या दशकात आम्ही व्हिडिओ गेम पार्लरमध्ये किंग ऑफ फायटर्स हा मारामारीचा गेम खेळायचो तेव्हाही चिडके बिब्बे होतेच, मशीनवर बुक्क्या मारणारे, कॉइनवरून भांडणारे. पण ज्याने हरवलं तो खांद्याला खांदा लावून उभा असायचा, मागे नंबर लावलेली पोरं बघत असायची आणि फार झालं की पार्लरवाले काका कॉलर धरून बाहेर काढायचे. रडीचा डाव खेळणाऱ्यासोबत दुसऱ्या दिवशी कुणी खेळायला तयार नसायचं. मोबाईलवर समोरच्याचा चेहराच दिसत नाही, मग काहीही बोललं तरी खपतं असं पोरांच्या डोक्यात बसतं.

अमेरिकेत जॅक्सनव्हिलला 2018 मध्ये मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत हरलेल्या खेळाडूने गोळीबार करून दोघांना मारलं आणि स्वतःलाही संपवलं. त्याच्यावर आधी मानसिक उपचार झाले होते, तिथे बंदुकाही सहज मिळतात, त्यामुळे आपल्या चिडक्या पोरांना त्याच रांगेत बसवणं अन्याय होईल. बहुतेकांना फक्त वेळेवर कुणीतरी आवरायची गरज असते.

याच दुनियेत चांगलं शिकण्यासारखंही आहे. ईव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतला 2004 चा डायगो उमेहारा विरुद्ध जस्टिन वाँग हा स्ट्रीट फायटरचा सामना यूट्यूबवर आहे, पोरांसोबत बसून नक्की बघा. डायगोची एनर्जी संपत आलेली, तरी त्याने समोरच्याचा अख्खा सुपर, म्हणजे सगळ्यात जोरदार हल्ला, एकेक हिट अडवून डाव फिरवला. पण तोच डायगो पुढे त्या स्पर्धेची फायनल हरला हे फार जणांना माहीत नसतं. आणि वाँगचा तो पराभव जगभर पुन्हा पुन्हा बघितला जातो, तरी तो खेळत राहिला आणि नंतरही ईव्हो जिंकला.

आता गल्लोगल्ली मंडळं आणि सोसायट्या गेमिंग टुर्नामेंट ठेवतात, बक्षीस मोठं, नियम शून्य. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, सगळे प्लेयर एका हॉलमध्ये बसवा, मॅच झाली की हात मिळवायला लावा, शिवी दिली की टीम बाद, मग तो अध्यक्षांचा मुलगा का असेना. कबड्डीचे सर हे रोज करून घेतात. 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सला मेडल होती, म्हणजे हा खेळ आहे हे जगाने मान्य केलंय, मग खेळाची शिस्तही लावा ना. आणि पालकांनी फोन हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून अख्खी मॅच बघावी आणि कुठे हरलास ते दाखव असं विचारावं, पोरं भडाभडा बोलतात, राग त्यातच अर्धा उतरतो.

आपला,
एक पालक, डोंबिवली