आजारी मुलीला सोडून गेलेला बाप आणि एपिक्टेटस

मा. संपादक, स.न.वि.वि.

हल्ली मोबाइल उघडला की रोमन बादशहा मार्कस ऑरेलियसचा पुतळा, मागे म्युझिक आणि खाली लिहिलेलं की कुणाची पर्वा करू नका, भावना आवरा, स्वतःचं बघा. कित्येक तरुण मुलं हेच रोमन तत्त्वज्ञान समजून शेअर करतायत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

एपिक्टेटस या तत्त्वज्ञाचंच घ्या, गुलाम म्हणून जन्मलेला माणूस, रोममध्ये शिकला आणि डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन शाळा काढली. त्याच्याकडे एक अधिकारी आला होता, बोलता बोलता म्हणाला की माझी छोटी मुलगी एवढी आजारी पडली की मला बघवेना, मी निघूनच गेलो, ती बरी झाल्याचं कळेपर्यंत घरी आलो नाही. एपिक्टेटसने विचारलं, तिच्या आईचं तिच्यावर प्रेम नाही का, दाईचं नाही का, मग त्यांनीही असंच निघून जायचं होतं का? म्हणजे जिच्यावर सगळ्यांचा एवढा जीव तीच पोर एकटी पडली असती! आणि तू आजारी असताना तुझ्या माणसांनी असं प्रेम केलेलं तुला चाललं असतं का? आता यात मन दगड करायला कुठे सांगितलंय? जीव आहे ना, मग उशाशी बस, एवढंच.

मार्कसने इ.स. १६१ ते १८० राज्य केलं, साथीचा रोग, डॅन्यूबकडची युद्धं, त्या धामधुमीत स्वतःसाठी लिहिलेल्या वहीत तो म्हणतो की आज आगाऊ, कृतघ्न, उद्धट माणसं भेटणार. रील इथेच संपतं. पण पुढे तो लिहितो की ही माझीच माणसं आहेत, त्यांच्यावर रागावून चालणार नाही, आपण हातापायांसारखे एकमेकांना साथ द्यायला जन्मलोय.

सेनेका या तिसऱ्या रोमन तत्त्वज्ञाला मात्र प्रश्न विचारायलाच हवेत, नीरो बादशहाच्या दरबारात राहून अफाट श्रीमंत झाला. तरी मित्राला लिहिलेल्या पत्रांपैकी ४७व्या पत्रात तो गुलामांना माणूस म्हणून वागवा, त्यांच्यासोबत जेवा असं म्हणतो (गुलामगिरी बंद करा असं काही म्हणत नाही, हेही सांगितलं पाहिजे).

तर विनंती एवढीच की यांची वाक्यं छापायची असतील तर तुटकी छापू नका, अख्खा उतारा मागच्यापुढच्या संदर्भासकट द्या. मुसोनियस रुफसपासून सुरुवात केलीत तरी चालेल, एपिक्टेटसचा हा गुरू मुलींनाही तत्त्वज्ञान शिकवा असं त्या काळात सांगत होता आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

आपला नियमित वाचक