ईईजी नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ नोव्हेंबरच्या राष्ट्रीय अपस्मार दिनानिमित्त आपल्या पुरवणीत मेंदूच्या तपासण्यांवर आलेला लेख वाचला. लाल-पिवळ्या ठिपक्यांचे एफएमआरआयचे (मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या स्कॅनचे) पानभर चित्र आणि 'विचार वाचणारी यंत्रे' असा मथळा. मात्र फेफऱ्याच्या रुग्णाच्या वाट्याला बहुतेकदा सर्वांत आधी येते ती ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणारी तपासणी. तिची बोळवण दीड ओळीत, तीही 'ईईजीमुळे अपस्माराचे अचूक निदान होते' अशी. मी सरकारी रुग्णालयातून ईईजी तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. अशा वाक्यांवर भरवसा ठेवून लोक काय करतात ते जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

लोक गोळ्या बंद करतात. 'रिपोर्ट नॉर्मल आला, मग औषध कशाला?' हा प्रश्न मी नोकरीची सगळी वर्षे ऐकला. साध्या ईईजीत आलेख घेतला जातो वीस ते तीस मिनिटांचा. फिट येते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तीही अनेकदा पहाटे. नेमक्या त्या अर्ध्या तासात मेंदूने आपला दोष दाखवावा, ही अपेक्षाच जास्तीची आहे. ज्यांना खरोखर अपस्मार आहे, त्यांच्यातही पहिल्या साध्या आलेखात दोष सापडतो तो साधारण निम्म्या जणांत. झोपेतला आलेख घेतला किंवा तपासणी पुन्हा केली, तर प्रमाण वाढते. म्हणूनच डॉक्टर आदल्या रात्री जागायला सांगतात. (आमच्याकडे रात्रीच्या एसटीने आलेले लोक आयतेच जागलेले असत.) उलटही घडते. कधीच फिट न आलेल्या माणसाच्या आलेखात क्वचित दोष दिसतो, आणि नुसत्या त्या कागदावर त्याला औषध सुरू करणे हाही अन्याय.

मुळात पकडायचा असतो तो संकेत फार दुबळा. हृदयाच्या कार्डिओग्राममध्ये एक मिलिव्होल्टच्या घरातले विद्युतदाब मोजतात. डोक्याच्या कातडीवर मेंदूचे मिळतात दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट, आणि एक मायक्रोव्होल्ट म्हणजे मिलिव्होल्टचा हजारावा भाग. रुग्णाने दात आवळले तरी पडदाभर काळ्या रेघा उमटतात. मेंदूच्या आतल्या घड्यांत जे चालते ते कवटीपर्यंत पोहोचतही नाही. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने मोजायचे, दहा-वीस टक्क्यांच्या अंतरांवर पेन्सिलने खुणा करायच्या, कातडी घासून पेस्ट लावायची. यातच निम्मे काम. केसांना तेल नको म्हणून लिहून दिले, तरी आया मुलांना तेल चोपडून, भांग पाडून आणत. 'शॉक देणार का हो?' हे तर ठरलेलेच. यंत्र काहीही देत नाही, फक्त टिपते.

हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने येना येथे १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख काढला आणि १९२९ मध्ये तो जगापुढे मांडला. गृहस्थांना खरी ओढ होती टेलिपॅथीची! तिचा पत्ता लागला नाही, हाती लागले ते फेफऱ्याच्या रुग्णांच्या कामाचे निघाले.

ईईजीला मी कमी लेखते असे कृपया समजू नये. तिसरी-चौथीतली एक मुलगी आठवते. शाळेची तक्रार होती, 'वर्गात लक्ष नसते, तंद्रीत असते.' तपासणीत तीन मिनिटे जोराने श्वास घ्यायला लावतात, तेव्हा लहान मुलांच्या हाती आम्ही कागदी भिरभिरे देत असू. ती फुंकत होती आणि अचानक भिरभिरे थांबले. डोळे उघडे, नजर कुठेच नाही. त्याच क्षणी पडद्यावर सेकंदाला तीन या लयीत टोकदार लाटा सुरू झाल्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी एकदम. काही सेकंदांत त्या थांबल्या आणि मुलगी काही झालेच नाही अशी पुन्हा फुंकू लागली. अशा फिटमधल्या या लयीचे वर्णन बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९३५ मध्येच करून ठेवले आहे. तिथे ईईजीला तोड नाही. एमआरआयमध्ये या मुलीचे काहीही दिसले नसते.

स्कॅनचे काम वेगळे. गाठ, जुना मार, रक्तस्राव, आणि आपल्या देशात विशेष करून मेंदूत शिरलेली फीतकृमीची अळी स्कॅन दाखवतो. 'आम्ही तर माळकरी, आमच्यात कुठून जंत?' असे विचारणाऱ्यांना सांगावे लागते की तिची अंडी न धुतलेल्या भाजीतून आणि हातांवरूनही पोटात जातात.

पण या दोन्हींच्या आधीची पद्धत लेखात आलीच नाही. फिट नीट पाहणे! लंडनचे डॉक्टर जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन यांनी १८६०-७० च्या काळात झटका अंगठ्यापासून हात, मग चेहरा असा कसा सरकतो, ते पाहून मेंदूत निरनिराळ्या अवयवांच्या हालचालींच्या जागा ठरलेल्या असाव्यात, हे ओळखले. यंत्र काहीच नव्हते. आजही निदानाचा पाया तोच आहे. झटका आधी कुठे सुरू झाला, मान कोणत्या बाजूला वळली, डोळे उघडे होते की मिटलेले, जीभ चावली का, शुद्ध किती वेळाने आली, हे डॉक्टर खोदून विचारतात. नुसती चक्कर, मानसिक ताणाचा झटका आणि अपस्मार यांची पारख त्यातूनच होते. रुग्णाला स्वतःला बहुधा काहीच आठवत नाही. आपल्याकडे फिट पाहिलेली असते सुनेने आणि ओपीडीत येतात सासरे. मग 'हात-पाय झाडत होता' यापलीकडे माहिती नाही आणि सगळा भार त्या अर्ध्या तासाच्या आलेखावर.

यामागे लपवाछपवीही आहे. लग्नाच्या मुलीची फिट घराबाहेर कळू नये म्हणून शेजारणीला, मैत्रिणीला, कोणालाच सोबत आणत नाहीत. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधला अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच काढला गेला. समाजाच्या डोक्यातून तो निघालेला नाही.

पुढच्या वर्षी त्या रंगीत चित्राच्या जागी एक चौकट छापावी, ही विनंती. फिट आली की रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालय गाठा. दुसऱ्या कोणाचा हात मोकळा असेल तर मोबाइलवर पूर्ण अंगाचा व्हिडिओ घ्या, चेहऱ्यावरचे पांघरूण काढून, आणि तो डॉक्टरांनाच दाखवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको. ज्याने फिट पाहिली त्याला सोबत आणा. रिपोर्ट काहीही आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि या वेळी कोपऱ्यात छापलेले चप्पल हुंगवणाऱ्या माणसाचे व्यंगचित्र तेवढे वगळावे.

आपली,
एक निवृत्त ईईजी तंत्रज्ञ, सातारा