गॅसबद्दल लिहायचं नाही असं ठरवून

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परतीच्या वाटेवर सगळा वेळ मनातल्या मनात तुझ्याशीच बोलत होते. म्हटलं, लिहूनच काढावं. गॅसबद्दल मात्र लिहायचं नाही. त्यावरून रात्री आपलं वाजलं, तेवढं पुरे.

बोट आवडली मला, खरंच. 1976 सालची म्हटल्यावर काय काय डोळ्यांसमोर आलं होतं! 27 फुटांत झोप, स्वयंपाक, पुस्तकं, हत्यारं, सगळं बसवलंस. गादीखाली सलग फळी न ठेवता पट्ट्या ठोकल्यास, हे तर फारच पटलं. खालून वारा खेळला नाही तर नुसत्या श्वासाने आणि घामानेही गादीला बुरशी धरते. त्यात बाबांनी हिशेब मांडून दाखवला: 1 किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन केबिनभर पसरतं. तेव्हा शेगडी चालू असताना वरचं झाकण उघडं ठेव, कितीही गारठा असो. आलाच बघ गॅस.

आता आलाच आहे तर ऐक. घरात गळलेला गॅस दाराखालच्या फटीतून निदान बाहेर तरी पडतो. बोटीला तळाशी फट असून कसं चालेल? हा गॅस हवेपेक्षा जड, पाण्यासारखा खाली उतरतो आणि तुझ्या त्या बिल्जमध्ये, बोटीच्या अगदी तळच्या पोकळीत, साचून राहतो. तिथेच पाणी उपसायच्या पंपाचा स्विच, एक ठिणगी पुरे. “वास आला असता की,” म्हणालीस. अगं, गॅस तळाशी आणि तुझं नाक उशीवर!

तू झोपल्यावर मी टॉर्च घेऊन शेगडीमागे डोकावले होते. बोट डोलली की शेगडी झुलते आणि नळी दर वेळी त्याच जागी वाकते. त्या वाकणात रबराला केसाएवढ्या भेगा आहेत. नळीवर छापलेलं साल चष्मा लावून वाचलं, 2009. साबणाचं पाणी लावून बघणार, तेवढ्यात तू उठलीस. “तुझा माझ्यावर विश्वासच नाही,” म्हणालीस.

चुकलं माझं. दुसऱ्याच्या घरात मध्यरात्री कप्पे उघडू नयेत.

आणि विश्वासाचं म्हणशील, तर पोटमाळा आठवतो का? नऊ वर्षांची होतीस. सरळ बसताही यायचं नाही तिथे, पण ताईशी भांडून वर जाऊन बसलीस आणि दोरीने बादली खाली सोडलीस. दोन दिवस ताट बादलीतून वर पाठवलं मी. तिसऱ्या दिवशी बादलीत चिठ्ठी आली, “बल्ब पाहिजे.” तेव्हाच कळायला हवं होतं आम्हाला. तुझ्या केबिनमध्ये वाकून शिरताना पहिल्यांदा ती बादलीच आठवली.

पाण्याखालच्या प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी तू निमुळतं लाकडी बूच सुतळीने बांधून ठेवलं आहेस. दीड इंची व्हॉल्व्ह तुटला तर मिनिटाला 100 लिटरहून जास्त पाणी आत येईल, असं किती सहज सांगितलंस. मी घाबरायला हवं होतं, पण त्या सुतळीची गाठ बघून उलट धीर आला. बाबा तर भेटेल त्याला बुचांचं सांगत सुटलेत. पाण्यासाठी इतकी जागरूक मुलगी, मग नळीच्याच बाबतीत असं का?

पैशांची ओढाताण आहे, दिसतं मला. शीड जुनं घे, तळाला रंग स्वतः लाव, धक्क्याचं भाडं वाचवायला नांगरावर राहा. नळीत वाचवू नकोस. आणि काम झालं की नुसतं शेगडीचं बटण नाही, सिलिंडरची चावी बंद करायची. तीही आधी, ज्योत आपोआप विझू दे, म्हणजे नळीत काही उरत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो, त्याचा अलार्म उशाजवळ... झालं, पुन्हा शिकवणी. हे सगळं तुला माझ्याआधी माहीत असणार. पण लिहिलं की मला झोप लागते.

निघताना नीट जवळही घेतलं नाही तुला. बोटीवरून धक्क्यावर पाय टाकताना मला हात दिलास, तो घट्ट होता.

तुझी,
आई

ता. क. नवी नळी बसवलीस की जुनी टाकून देऊ नकोस. बाबांना ती कापून बघायची आहे.