मकरंदला पत्र: फोटो का चढत नव्हता

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मकरंद,
सप्रेम नमस्कार.

आमचा लोड बॅलन्सर आयपीव्ही६वर, म्हणजे इंटरनेटच्या लांब पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर, न्यायला महिना लागला म्हणालो, तर परवा फोनवर तू मनसोक्त हसलास. "पत्ता ३२ बिटांचा होता, तो १२८चा करायचा. त्यात महिनाभर करत काय होतास?" तेव्हा मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, म्हणून गप्प बसलो. आता सवडीने सांगतो.

लोड बॅलन्सर म्हणजे येणारी रहदारी अनेक मशिनांत वाटणारा. आमचा म्हणजे लिनक्स कर्नेलमधलाच, सिस्टिमच्या गाभ्यातलाच, आयपीव्हीएस. वेनसाँग झांगने १९९८ साली सुरू केलेलं काम. बाहेरून एकच पत्ता दिसतो, मागे दहा मशिनं. पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, आलं की कर्नेल ते परस्पर कुणाच्या तरी गळ्यात मारतं, वरच्या प्रोग्रॅमपर्यंत जाऊच देत नाही, म्हणून तर वेग. त्यात आयपीव्ही६ आलं २००८ साली, गूगलच्या ज्युलियस व्होल्झ आणि विन्स ब्युसम यांच्या पॅचेसमधून, २.६.२८ या कर्नेलात. (व्होल्झ म्हणजे तोच, पुढे सर्व्हरांवर नजर ठेवणारं प्रोमिथियस काढणाऱ्यांपैकी. त्याचे आलेख तू रोज बघतोस.)

ते पॅचेस मी मुद्दाम वाचले. तुझं म्हणणं निम्मं खरं आहे. पत्त्याच्या जागी एक युनियन बसवलं, म्हणजे अशी एकच जागा, की तिच्यात जुना किंवा नवा कुठलाही पत्ता मावतो. पण दहा वर्षांचा सगळा कोड 'पत्ता म्हणजे एक आकडा' असं धरून लिहिलेला. सोर्स हॅशिंग, म्हणजे ग्राहकाच्या पत्त्यावरून मशीन ठरवायची रीत, बघ: ग्राहकाचा पत्ता उचलायचा आणि सरळ २६५४४३५७६१ने गुणायचा. आता १६ बाइट गुणणार कसे? पहिल्या खेपेला अशा काही शेड्युलरांवर (कुठलं मशीन ते ठरवणाऱ्या रीतींवर) 'व्ही६ जमत नाही' अशी पाटीच लावून टाकली होती. नंतर पत्त्याचे चार तुकडे करून एकमेकांशी एक्सऑर केले (बिटाला बिट लावून मिसळले) आणि उरलेला आकडा त्याच जुन्या गुणाकारात घातला. जुन्या लुगड्याची गोधडी, पण चालते.

मला जास्त आवडली ती आयपीव्हीएसएडीएम कमांडची, म्हणजे आयपीव्हीएसला हुकूम सोडायच्या कमांडची, भानगड. ती कर्नेलशी ज्या स्ट्रक्चरमधून (ठराविक साच्यातून) बोलायची, त्यात पत्त्याला चारच बाइट. ते रुंद केलं तर जगभरच्या जुन्या कमांडी मोडणार, आणि कर्नेलवाल्यांच्या लेखी ते महापाप. म्हणून जुनं दार तसंच ठेवलं आणि शेजारी जेनेरिक नेटलिंकचं, म्हणजे कर्नेलशी बोलायच्या दुसऱ्या मार्गाचं, नवं काढलं. जुन्या दारातून व्ही६च्या सेवा दिसतच नाहीत! माझी अख्खी दुपार यात गेली. एका मशिनवर जुन्या पद्धतीने बांधलेली कमांड पडली होती. रहदारी व्यवस्थित चालू, यादीत मात्र सेवेचं नाव नाही. मी मशिनं जिवंत आहेत का बघून ही यादी सांभाळणाऱ्या बिचाऱ्या कीपअलाइव्ह्डला शिव्या घालत बसलो.

बाकीचे दिवस टनेलने खाल्ले. आमची मशिनं दुसऱ्या डेटा सेंटरात, म्हणून आलेल्या पॅकेटला वरून आणखी एक हेडर, म्हणजे पत्त्याचं पाकीट, चढवून पुढे ढकलायचं. व्ही६चं हेडर ४० बाइटांचं. एका पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट, त्यातून ते गेले, उरले १४६०. व्ही६मध्ये वाटेत कुणी पॅकेटचे तुकडे करायचे नाहीत असा नियम. 'पॅकेट टू बिग' असा निरोप पाठवणाऱ्याला द्यायचा आणि मग त्याने लहान पाठवायचं. आणि आमच्याच फायरवॉलवर कुणीतरी कधीकाळी 'आयसीएमपी म्हणजे पिंग, बंद करा' म्हणून तो निरोपच अडवून ठेवलेला (असे निरोपही आयसीएमपीनेच जातात).

लक्षणं ऐक. साइट झकास उघडते. लॉगिन होतं. मशिनं ठीक आहेत का बघणारे हेल्थ चेक सगळे हिरवेगार, कारण ते इवलेसे. फॉर्मला फोटो जोडला की मात्र चक्र फिरतंच राहतं. मी सर्व्हरची डिस्क तपासली, ॲपवाल्या पोरांशी भांडलो, एकदा तर ग्राहकाच्या वायफायवर खापर फोडलं. मशिनांची उत्तरं टनेलमधून येतच नाहीत, थेट ग्राहकाकडे जातात, म्हणून डाउनलोडला धक्का नाही आणि अडतं ते फक्त अपलोड. एवढं डोक्यात शिरायला मला नऊ दिवस लागले. रात्री दीडला टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावून बसलो होतो. १५०० बाइटांचं पॅकेट आलं. जरा वेळाने तेच. मग दुप्पट वेळाने पुन्हा तेच. पलीकडच्या मशिनवर शुकशुकाट. पॅकेट टनेलमध्ये मावत नव्हतं आणि पाठवणाऱ्याला ते कळत नव्हतं.

सकाळी फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६चा प्रकार २, म्हणजे तोच 'पॅकेट टू बिग', मोकळा केला, आणि मशिनांना एमएसएस (एका पॅकेटमधला डेटा जास्तीत जास्त किती) १४०० सांगायला लावलं: १४६० मधून व्ही६चे ४० आणि टीसीपीचे २० वजा. फोटो चढला. ॲपवाल्या पोरांना वडापाव खिलवावा लागला, तो खर्च वेगळा.

तुमच्याकडेही टनेल आहे असं म्हणाला होतास ना? मग त्या 'पिंग बंद'वाल्या ओळी एकदा उघडून बघ. सापडल्या तर रात्री कितीही वाजता फोन कर, यावेळी हसायची पाळी माझी.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास