नळीची कौलं उतरवण्याआधी

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

आजोळच्या घराची कौलं काढून पत्रा घालायचं ठरतंय असं कळलं. मला ते मुळीच पटलेलं नाही. ती कारखान्याची मंगलोरी कौलं नव्हेत, कुंभाराने चाकावर केलेली नळीची कौलं आहेत. फुटली की तशीच दुसरी मिळणं फार कठीण.

एक कौल उताणं करून उजेडात धर. आतल्या आडव्या रेघा कुंभाराच्या बोटांच्या आहेत. तो चाकावर बिनतळाची, एका टोकाला किंचित निमुळती नळी ओढतो आणि ती जराशी आवळली की उभी चिरून दोन कौलं करतो. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, चांगली आच लागलेली तांबडी होतात, धुरात कोंडलेली काळपट. म्हणून सगळं पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, कधीच एका रंगाचं दिसत नाही, आणि मला तेच सर्वांत सुंदर वाटतं. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये कारखाना काढला. यंत्रात दाबलेली, खाचांनी एकमेकांत अडकणारी ती कौलं पसरली आणि कुंभारांचं हे काम मागे पडत गेलं.

उतरवताना कौलांवर पाय देऊ नका. पाखावर शिडी आडवी टाकून तिच्याखाली गोणपाट घाला. खाली आलेलं प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघ. खणखणीत वाजलं तर ठेव. बद्द वाजलं तर बारीक तडा असतो किंवा ते कच्चं भाजलेलं असतं. शंका असेल ते रात्रभर पाण्यात ठेव. कच्च्याची कड सकाळी नखाने सुटते. पांढरे ठिपके दिसले तर मातीत चुनखडीचे खडे राहिलेत. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, ओल लागली की फुगतो आणि कौलाचे टवके उडवतो.

घालताना वळचणीपासून आढ्याकडे जायचं. खालच्या उताण्या कौलांचं निमुळतं तोंड उताराकडे, वरच्या पालथ्यांचं रुंद तोंड उताराकडे. साधारण तिसरा हिस्सा एकमेकांवर चढव. कमी चढवलं तर वाऱ्याचा पाऊस आत घुसतो, जास्त चढवलं तर वाशांवर नाहक भार पडतो. मंगलोरी कौल रिपेला (वाशांवरच्या आडव्या लाकडी पट्टीला) खालच्या बोंडाने अडकतं; याला तसं काही नाही, ते वजनावर आणि घर्षणावर बसतं. त्यामुळे कुजलेले वासे बदल, पण उतार आहे तोच ठेव. चढा केलास तर कौलं घसरतील, सपाट केलास तर पाणी उलटं चढेल.

आढ्याला चुन्याचाच गिलावा कर. सिमेंट इतकं घट्ट धरतं की पुढच्या वेळी कौल फोडूनच काढावं लागतं.

एकूण किती लागतील ते काढायला जमिनीवर एक चौरस मीटर मांडून मोज, पाख्यांच्या क्षेत्रफळाने गुण (घराच्या जमिनीच्या नव्हे) आणि दहावा हिस्सा वर धर. दुसऱ्या गावची जुनी कौलं घेतलीस तर त्यांचा बाक वेगळा असेल. ती मध्ये मध्ये मिसळू नकोस. मागचं एक पाखं पूर्ण त्यांचंच कर.

दरवर्षी मृगाआधी कौलं परतावी, म्हणजे काढून झाडून पुन्हा मांडावी लागतील, हे मात्र खरं. गळती बहुतेक वेळा फुटक्या कौलाने होत नाही. उताण्या कौलात पाला आणि धूळ साचते, पाणी तुंबतं आणि कडेवरून आत येतं. वानरं कौलं सरकवतात ती वेगळीच. दोन थरांतल्या फटींतून गरम हवा निघून जाते, म्हणून वैशाखातही माजघर निवतं. पत्र्याखाली ते सुख नाही.

कामाला परतणीचा जुना माणूसच लाव. त्याच्याकडून वाशांची मापं आली की मला कळव.

तुझा,
विनायक