आमच्यासाठी राखून ठेवू नका

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

घरातले सामान कमी करण्याचा विषय निघाला की तुमचे उत्तर ठरलेले असते, "असू दे, मुलांना लागेल." म्हणून आधी तेच स्पष्ट लिहिते, आणि दादाशी बोलूनच लिहिते आहे. ते मोठे कपाट, पाहुण्यांसाठी जपलेली काचेची भांडी, आमची शाळेची पुस्तके, यांतले काहीही आम्हाला नको आहे. वाचताना हे कठोर वाटेल; पण आम्ही संकोचाने गप्प राहिलो आणि तुम्ही आमच्या नावाने त्या वस्तूंची धूळ पुसत राहिलात, हे त्याहून वाईट आहे. आमचा हक्क आम्ही सोडला आहे, तेव्हा यापुढे त्यांचे काय करायचे ते तुम्ही केवळ तुमच्या सोयीने ठरवा.

वस्तू सोडवत नाही यात कंजूषपणा किंवा हट्ट आहे असे मला वाटत नाही. डॅनिअल काहनमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना साधे कॉफीचे मग देऊन ते विकायला सांगितले होते. ते मग हातात येऊन थोडाच वेळ झाला होता, तरी विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या दुपटीहूनही जास्त निघाली. थोड्याशा वेळात इतका जीव जडत असेल, तर आयुष्यभर वापरलेल्या वस्तूचे काय सांगावे! त्यामुळे एखादी वस्तू हातात धरून "ही टाकू का?" असे विचारले की मन नाहीच म्हणणार. त्याऐवजी "ही घरात नसती, तर आज मी मुद्दाम आणली असती का?" असे विचारून पाहा. जिने आणि न्हाणीघराची वाट यांच्या बाबतीत मात्र एवढाही विचार करू नका. तिथे पायात येणारे सगळे उचलाच, कारण उतारवयातले पडणे फार महागात जाते.

पण बाबा, खरे सांगायचे तर मला वस्तूंपेक्षा तुमच्या कामांची काळजी अधिक वाटते. संस्थेचे हिशेब, दोन समित्यांच्या बैठका, नातेवाइकांचे अर्ज लिहून देणे, हे सगळे तुम्ही एके काळी हौसेने घेतले होते. आता त्यातले बरेचसे केवळ नाही म्हणवत नाही म्हणून चालले आहे. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांनी ऐंशी ओलांडल्यावरही जाहीर मैफली केल्या. त्या वयात ते कमी रचना वाजवत, त्यांचा सराव अधिक करत, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ ठेवत, म्हणजे पुढचा वेग उठून दिसे. वार्धक्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पाउल बाल्टेस हे उदाहरण आवर्जून देत असत. मला त्यातली पहिली गोष्ट मोलाची वाटते: रुबिनस्टाइन यांनी वादन सोडले नाही, काही रचना सोडल्या. तुम्हाला मुलांना गणित शिकवण्यात जो आनंद मिळतो तो बैठकांत मिळत नाही, हे तुमच्या आवाजावरून कळते. मग संध्याकाळचा वेळ बैठकांना का द्यायचा?

आई, तुझ्याबद्दल एवढेच, की वर्षातून एकदा औपचारिक विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाशी संबंध टिकवण्याची जबाबदारी तुझी एकटीची नाही. वय वाढते तशी माणसे जवळच्या मोजक्यांतच अधिक रमतात, असे मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी संशोधनातून मांडले आहे, आणि त्याला त्या एकटेपणा म्हणत नाहीत. तू ज्यांच्याशी तासभर मनापासून हसतेस, त्यांनाच तो तास दे.

औषधांचा डबा मात्र दोघांनी मिळून उघडा. मुदत संपलेल्या गोळ्या बाजूला काढा. व्हिनेगरसारखा वास येणारी ॲस्पिरिन ओलसर हवेने बिघडलेली असते, ती घेऊ नका. राहिलेल्या सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून डॉक्टरांना दाखवा, आणि कोणते औषध कशासाठी सुरू झाले व ते आजही आवश्यक आहे का, हे विचारा. वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेली औषधे एकत्र पाहिलीच जात नाहीत, असे अनेकदा घडते. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नका. रक्तदाबाची आणि झोपेची काही औषधे एकाएकी थांबवली तर अपाय होतो.

घराचे कागद, मृत्युपत्र, विमा आणि जुने वैद्यकीय अहवाल यांना हात लावू नका, ते मी आल्यावर एकत्र पाहू. न वापरलेली बँक खाती बंद करण्याचे कामही तेव्हाच करू, कारण त्याला सह्या आणि येरझाऱ्या लागतात. फोटो आणि पत्रे सर्वांत शेवटी घ्या. ती आधी काढलीत तर वाचत बसाल आणि कपाट तसेच राहील, हे आपणा तिघांनाही ठाऊक आहे.

बाबा, पुढच्या फोनवर किती पोती बाहेर गेली ते मी विचारणार नाही. कोणत्या समितीला राजीनामा कळवला, तेवढे सांगा.

तुमची,
लेक