जात वर्गात वाचून दाखवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडल्या की पहिल्या पंधरवड्यात अनेक वर्गांत एक वाक्य ऐकू येते, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." पाठोपाठ प्रवर्गाचे नाव. उभी राहिलेली मुले खाली बसेपर्यंत कोण कोणाचे ते साऱ्या वर्गाला कळलेले असते. शिक्षकाच्या मनात काही वाईट नसते. दाखल्याची झेरॉक्स आणि बँकेचे पासबुक मुदतीत गोळा करायचे असते, एवढेच. पण वर्गातल्या भेदभावाची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते आणि ती थांबवणे सर्वस्वी आपल्याच, म्हणजे शिक्षकांच्या, हातात आहे, म्हणून हे पत्र.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले होते. जात न सांगता बसवले तेव्हा उच्चवर्णीय आणि दलित मुलांच्या कामगिरीत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. दुसऱ्या गटांत मात्र प्रत्येकाचे नाव, गाव, वडील-आजोबांची नावे आणि जात सर्वांसमोर वाचली गेली. त्याच वयाची मुले, तसेच कोडे. पण दलित मुलांनी सोडवलेल्या चक्रव्यूहांची संख्या चांगलीच घसरली. आपण "उभे राहा" म्हणतो तेव्हा नेमके हेच करत असतो.

यावर उपाय खर्चाचा नाही. सगळ्या योजनांची माहिती आणि लागणारी कागदपत्रे एकाच पानावर छापून ते पान वर्गातील प्रत्येक मुलाला द्यावे, ज्याला लागू नाही त्यालाही. कागदपत्रे बंद पाकिटात, मधल्या सुट्टीत, कार्यालयात घ्यावीत. प्रवर्ग लिहिलेली यादी मॉनिटरच्या हाती कधीही देऊ नये. राहिलेल्या मुलांना आठवण करायची असेल तर वहीत चिठ्ठी घालावी, नाव पुकारू नये.

पेपर तपासणीचे दुखणे अधिक खोल आहे, कारण ते आपल्याला जाणवतच नाही. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातच केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर मुलाची जात, वय, मुलगा की मुलगी ही माहिती सोडत काढल्यासारखी बदलून लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या पेपरला किंचित कमी गुण पडले. फरक थोडाच होता, पण तपासणीच्या सुरुवातीला हाती आलेल्या पेपरांत तो जास्त दिसला. गुणांचा अंदाज बसलेला नसतो तेव्हा शिक्षक नकळत नावाचा आधार घेतो, असा याचा अर्थ आम्ही लावतो. आणि सोलापुरात तर आडनाव वाचले की भाषा, जात, वस्ती तिन्ही कळतात.

म्हणून पेपर हाती घेण्याआधी प्रत्येक प्रश्नाला कोणत्या मुद्द्याला किती गुण ते लिहून काढावे. नावाची वरची पट्टी मागे दुमडून पिनने टाचावी. केवळ हजेरी क्रमांकावर विसंबू नये, तो वर्गशिक्षकाला पाठ असतो; गठ्ठा पिसून घ्यावा. एक प्रश्न सगळ्या पेपरांत तपासून मग पुढच्या प्रश्नाकडे वळावे. आणि शेवटी पहिले दहा पेपर पुन्हा काढून पाहावेत. पन्नासच्या वर्गाला यात अर्धा-पाऊण तास जादा जातो. तो घालवलाच पाहिजे.

आता भाषा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळांत घरी तेलुगू बोलणारी मुले आहेत, अक्कलकोटकडून आलेली कन्नड बोलणारी, दखनी उर्दू बोलणारी आहेत. यांच्या मराठीला हसण्याची पद्धत इतकी रुळली आहे की कधी शिक्षकही त्यात सामील होतात. "खुर्ची तुटलं" म्हणणारे मूल बावळट नसते. तेलुगू आणि कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंत पुल्लिंग-स्त्रीलिंग असा भेदच नाही. खुर्ची, रस्ता, भाकरी सगळ्यांची क्रियापदे एकाच रूपात चालतात. ते मूल आपल्या भाषेचा नियम चोख पाळते आहे. दखनी बोलणारे मूल 'शाळा'ची 'शाला' करते, कारण घरच्या बोलीत ळ नाही. 'पानी' म्हटले म्हणून त्याला टोकावे, तर 'पानी' आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी मराठी घरांतही म्हणतात.

वर्गात एवढे करावे: आधी उत्तर स्वीकारावे, मग बरोबर रूप आपल्या बोलण्यातून कानावर घालावे. "हो, खुर्ची तुटली. कशाने तुटली?" त्याला पुन्हा म्हणायला लावू नये. आठवड्याला दहा नामे तो-ती-ते लावून फळ्यावर लिहावीत आणि सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यावीत. त्याचा फायदा मराठी घरच्या मुलांनाही होतो.

सर्वांत कठीण प्रसंग जातीच्या नावाची शिवी करण्याचा. पारधी, कैकाडी, वडार ही समाजांची नावे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्यामागे पोलिसांची हजेरी लावली. सोलापुरात या जमातींना कोंडून ठेवणारी तारेच्या कुंपणाची वसाहत, म्हणजे सेटलमेंट, होती, वस्तीला आजही तेच नाव आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. पण वर्गात कोणाचे पन्नास रुपये हरवले की पहिले दप्तर कोणाचे उघडले जाते, हे आपण सगळे जाणतो. दप्तरे तपासूच नयेत. पैसे आणले तर सकाळी वर्गशिक्षकाकडे ठेवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावा.

शिवी कानावर पडली की शिकवणे तिथेच थांबवावे. "हे एका समाजाचे नाव आहे, शिवी नाही. या वर्गात ते असे वापरायचे नाही." एवढेच, शांत आवाजात, आणि धडा पुढे. न ऐकल्यासारखे केले तर वर्ग ती परवानगी समजतो; अर्धा तास रागावत राहिलो तर ज्याला शिवी दिली त्याच्याकडेच सगळे वळून पाहत राहतात. आधी दुखावलेल्या मुलाशी, मग बोलणाऱ्याशी, वेगवेगळे बोलावे. सर्वांसमोर माफी मागायला लावू नये, हात मिळवायला तर नाहीच. तारीख, शब्द, काय केले ते वहीत नोंदवावे. पुन्हा घडले तर पालकांना बोलवावे, तिसऱ्यांदा घडले तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाच्या मानसिक छळालाही मनाई करते, आणि ते आधी आपल्याला लागू आहे. "तुमच्यात कसं असतं, सांग बरं" असे एका मुलाला साऱ्या समाजाच्या वतीने बोलायला लावणेही छळच.

रंगाचे काय? स्नेहसंमेलनात गोऱ्या मुली पुढच्या रांगेत, हे बंद व्हावे. उंचीने उभे करावे. चित्रकलेच्या तासाला फिकट गुलाबी खडूला 'स्किन कलर' म्हणणे थांबवावे. त्याऐवजी तपकिरी, पिवळा, पांढरा आणि थोडा लाल देऊन प्रत्येकाला आपल्या मनगटाचा रंग कागदावर मिसळायला सांगावा. दोन कागद सहसा सारखे येत नाहीत, आणि नुसत्या पांढऱ्यात कोणाचेच मनगट येत नाही. त्याच वेळी त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिन या द्रव्याची माहिती दोन वाक्यांत द्यावी.

एक गोष्ट मात्र करू नये. अमेरिकेत आयोवा राज्यात १९६८ मध्ये जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी करून वंशभेदाचा अनुभव दिला होता. त्याची नक्कल इथे होते, कानाला टोचलेले आणि न टोचलेले असे काहीतरी करून. त्या वर्गातली सारी मुले गोरी होती. आपल्या वर्गात ज्यांना हा अनुभव रोजच येतो ती मुले समोर बसलेली असतात. त्यांच्यासाठी तो खेळ नसतो.

केंद्रप्रमुखांना विनंती आहे की घटक चाचणीनंतरच्या शिक्षण परिषदेत एक तास यासाठी ठेवावा. प्रत्येक शिक्षकाने पाच तपासलेल्या उत्तरपत्रिका नावे आणि गुण झाकून आणाव्यात, शेजारच्या शाळेतील शिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्याव्यात आणि मग पट्टी उघडून दोन्ही गुण शेजारी मांडावेत.

आपले,
सोलापुरातील काही प्राथमिक व माध्यमिक शिक्षक